गोंगाट आणि गळा

१९८६ सालच्या नोव्हेंबर महिन्यांत ब्रिटनमधील तबकड्यांच्या खपाची जी साप्ताहिक यादी प्रसिद्ध झाली, तिच्या अगदीं तळाशीं, शंभराव्या जागीं, एक नवें नांव आलें होतें. पुढच्या आठवड्यांत तें नाहींसें झालें. तें नांव होतें 'शॉप असिस्टंट्स'; म्हणजे दुकानांत गिऱ्हाइकाला माल दाखविणारीं, मोड मोजून देणारीं नोकरमाणसें. स्कॉटलंडच्या एडिंबरो शहरांतील पांच तरुणांचा हा वाद्यवृंद; त्यांत चार स्त्रिया आणि एक पुरुष. त्यांच्या पहिल्या आल्बमाला वृंदाचेंच नांव होतें. पुढें पुनर्मुद्रणाच्या वेळीं 'विल एनिथिंग हॅपन', म्हणजे 'कांहीं घडेल कां?', हें नांव त्याला अधिक रूढ झालें. कांहीं घडलें नाहीं, असें उत्तर देऊन मोकळें होणें सोपें आहे. ज्या संगीतप्रकाराला 'नॉइज पॉप' असें नांव पडलें, त्याच्या इतिहासांत या आल्बमाची बोळवण बहुधा एका ओळींत होते, आणि त्या ओळींतहि कौतुकापेक्षां कींवच अधिक असते. ती कींव अस्थानीं आहे, हें दाखविण्यासाठीं थोडें मागून सुरुवात केली पाहिजे.

'नॉइज पॉप' या नांवांतच विरोध आहे. 'पॉप' म्हणजे सुटसुटीत, दोन-तीन मिनिटांत संपणारें, एकदां ऐकतांच ओठांवर बसणारें गीत. 'नॉइज' म्हणजे गोंगाट. गोंगाटापासून स्वराला वेगळें काढणें हेंच ज्या कलेचें पहिलें काम, तिनें गोंगाटालाच घरांत घ्यावें, हें वरवर पाहतां विपरीत दिसतें. परंतु हा गोंगाट बाहेरून आणलेला नसतो. वाद्याच्या पोटांतूनच तो निघतो. विजेच्या गिटारीच्या तारेचें कंपन लोहचुंबकाच्या योगानें विद्युत्प्रवाहांत उतरतें, ध्वनिवर्धक यंत्र तें मोठें करतें आणि कर्ण्यांतून बाहेर टाकतें. त्या यंत्राच्या शक्तीला मर्यादा असते. मर्यादेपलीकडे प्रवाह आंत घातला म्हणजे ध्वनिलहरींचे उंच माथे करवतीनें कापल्यासारखे सपाट होतात. लहरीचा आकार असा बदलला कीं मूळ स्वरांत नसलेले किंवा मंद असलेले वरचे उपस्वर तींत मिसळतात, आणि स्वच्छ स्वराच्या जागीं खरखरीत, दाट, भरगच्च नाद ऐकूं येतो. दुसरा प्रकार 'फीडबॅक'चा. गिटार कर्ण्यासमोर धरली म्हणजे कर्ण्यांतून निघालेला नादच तिच्या तारेला हलवितो. तें कंपन पुन्हां यंत्रांत शिरतें, पुन्हां मोठें होऊन बाहेर येतें, आणि या चक्रांतून एक लांबच लांब किंकाळी उठते. सभागृहांत वक्त्याचा ध्वनिक्षेपक कर्ण्याच्या फार जवळ गेला असतां जी शीळ श्रोत्यांच्या कानांत घुसते, तिचीच ही सख्खी बहीण.

हिंदुस्थानी संगीताच्या श्रोत्याला हें अगदींच परकें वाटूं नये. तंबोऱ्याच्या घोडीवर तारेखालीं सुताचा धागा सरकवून जी जवारी लावतात, तीहि तारेच्या साध्या कंपनांत किंचित् अडथळा आणून उपस्वरांना जागें करते. फरक इतकाच कीं तंबोऱ्याचें गुंजन गवयाच्या पाठीशीं उभें राहतें, तर विजेची गिटार पुष्कळदां गवयाच्या अंगावर धांवून येते. एडिंबरोच्या या मंडळींकडे वळतांना हा फरक ध्यानांत ठेवण्यासारखा आहे.

गोंगाटाची ही परंपरा जुनी आहे. १९६४ सालीं लंडनच्या 'किंक्स' मंडळींतील डेव्ह डेव्हिस यानें आपल्या लहानशा ध्वनिवर्धकाच्या कर्ण्याचा पडदा पात्यानें चिरला, आणि त्यांतून निघालेल्या फाटक्या नादावर 'यू रिअली गॉट मी' हें गीत उभें राहिलें. त्याच वर्षीं 'बीटल्स'नीं 'आय फील फाइन' या गीताच्या आरंभीं फीडबॅकची एक लहर मुद्दाम ठेवून दिली. १९६७ सालीं न्यूयॉर्कच्या 'वेल्व्हेट अंडरग्राउंड'नें तर जो नाद इतरांना अलंकार वाटत होता, त्यालाच गीताचा कणा केलें. याच सुमारास अमेरिकेंत मुलींच्या गायकवृंदांचा एक निराळाच संप्रदाय भरभराटीस आला होता. लॉस एंजलिसच्या गोल्ड स्टार स्टुडिओंत फिल स्पेक्टर हा योजक एकाच वेळीं अनेक वाद्यें वाजवून घेई, तो सारा नाद प्रतिध्वनीच्या खोलींतून फिरवी, आणि त्या नादाच्या भिंतीपुढें 'रोनेट्स'सारख्या मुलींना प्रेमगीतें गावयास उभें करी. १९६३ सालचें 'बी माय बेबी' हें त्यांतील सर्वांत प्रसिद्ध. दाट नाद आणि कोवळा गळा यांची सांगड तेथेंच प्रथम पडली. मात्र त्या भिंतीच्या विटा रचणारे हात बहुतेक पुरुषांचे होते, आणि मुलींकडे फक्त गळा होता.

हे दोन प्रवाह एकत्र आणण्याचें श्रेय साधारणपणें ग्लासगोजवळच्या ईस्ट किलब्राइड गांवांतील 'जीझस अँड मेरी चेन' या वृंदाला दिलें जातें, आणि तें योग्यच आहे. जिम व विल्यम या रीड बंधूंनीं १९८४ सालीं 'अपसाइड डाउन' ही पहिली तबकडी काढली आणि १९८५ च्या नोव्हेंबरांत 'सायकोकँडी' हा आल्बम. त्याच्या पहिल्याच गीतांत ढोलाचा ठेका थेट 'बी माय बेबी'चा आहे, गळा हळुवार आहे, आणि पुढच्या गीतांत तर त्या दोहोंवर गिटारीचा असा वर्षाव होतो कीं कानांना दडा बसावा. या मंडळींच्या गोंगाटांत धमकी असे. त्यांचे जलसे कधीं कधीं वीस मिनिटांत आटोपत. १९८५ च्या मार्चमध्यें उत्तर लंडनच्या पॉलिटेक्निकमध्यें अशा एका जलशानंतर दंगल उसळली, आणि वृत्तपत्रांना हवें तें मिळालें. नॉइज पॉपचें चित्र लोकांच्या मनांत ठसलें तें असें: काळे चष्मे, पाठमोरे गवई, मोडलेल्या खुर्च्या.

शॉप असिस्टंट्सची कहाणी याच काळांतील, आणि याच देशांतील; पण तिला दंगलीची जोड नाहीं. १९८४ सालीं गिटारवादक डेव्हिड कीगन यानें 'बुबा अँड द शॉप असिस्टंट्स' या नांवानें एक तबकडी काढली. तींत गाणारी मुलगी पुढें ग्लासगोच्या 'पेस्टल्स' मंडळींत गेली आणि तिच्या जागीं ॲलेक्स टेलर आली. सेरा नील मंद्र स्वरांची बास गिटार वाजवी. लॉरा मॅकफेल व ॲन डोनल्ड या दोघी ढोल सांभाळीत. एका वृंदांत दोन ढोलवादक, आणि त्याहि स्त्रिया, ही गोष्ट १९८५ सालीं ब्रिटनमध्येंहि नेहमींची नव्हती. ब्रिस्टल येथील 'सबवे' या लहानशा कंपनीनें त्यांची 'शॉपिंग परेड' ही चार गीतांची तबकडी १९८५ मध्यें काढली. मग कीगन व पेस्टल्सचा स्टीफन यांनीं मित्राच्या साह्यानें स्वतःचीच एक कंपनी उभारली. 'रमोन्स' मंडळींच्या एका गीतावरून तिला 'फिफ्टी-थर्ड अँड थर्ड' असें न्यूयॉर्कच्या एका चौकाचें नांव दिलें, आणि तिची पहिली तबकडी म्हणून १९८६ सालीं 'सेफ्टी नेट' हें गीत बाहेर पडलें.

अशा घरगुती कंपन्यांचा त्या वेळीं सुळसुळाट होता. १९७७ च्या जानेवारींत मँचेस्टरच्या 'बझकॉक्स' मंडळींनीं उसनवारीच्या पैशांवर 'स्पायरल स्क्रॅच'च्या एक हजार प्रती स्वतः काढल्या, तेव्हांपासून लंडनच्या मोठ्या कंपन्यांच्या पायऱ्या न झिजवितां तबकडी निघूं शकते, हें तरुणांना कळून चुकलें होतें. बी. बी. सी.वर रात्रीं उशिरा जॉन पील अशा तबकड्या वाजवी. शॉप असिस्टंट्सनाहि त्यानें गाण्यासाठीं बोलाविलें, आणि १९८६ च्या अखेरीस त्याच्या श्रोत्यांनीं मतें देऊन वर्षांतील पन्नास गीतें निवडलीं त्यांत 'सेफ्टी नेट'ला पहिल्या दहांत जागा मिळाली. त्याच वर्षीं 'न्यू म्युझिकल एक्स्प्रेस' या साप्ताहिकानें 'सी-८६' या नांवाची बावीस गीतांची एक कॅसेट काढली, तींतहि या मंडळींचें एक गीत होतें. अर्थात् नोव्हेंबरांत आल्बम निघाला तेव्हां तो कोण्या अनोळखी माणसांचा नव्हता. मोठ्या 'क्रिसलिस' कंपनीच्या 'ब्लू गिटार' या शाखेनें तो काढला होता. पैसा होता, नांव होतें, श्रोते होते. आणि तरी तो शंभराच्या पलीकडे सरकला नाहीं.

आल्बमाच्या आरंभींच 'आय डोन्ट वॉना बी फ्रेंड्स विथ यू' हें गीत येतें. 'तुझ्याशीं मैत्री नको', असा नकार त्याच्या नांवांतच आहे. असा नकार गावयाचा तर गवई सामान्यतः आवाज चढवितो, शब्दांवर आघात करतो, शेवटीं जवळजवळ ओरडतो. ॲलेक्स टेलर यांपैकीं कांहींहि करीत नाहीं. तिचा स्वर आरंभीं ज्या पातळीवर असतो त्याच पातळीवर शेवटपर्यंत राहतो. त्यांत कंप नाहीं, हरकत नाहीं, विव्हळणें नाहीं. जणूं एखादी मुलगी खिडकीबाहेर पाहत, दुसऱ्याच कोणाला सांगावें तसें, ठरलेलें वाक्य उच्चारीत आहे. आणि तिच्या पाठीमागें गिटार मात्र पेटलेली असते. संताप, लाज, हट्ट, जें जें गळ्यानें बाहेर पडूं दिलें नाहीं, तें सारें त्या तारांत उतरलेलें आहे. गळा संयम पाळतो म्हणूनच गिटारीला रडतां-ओरडतां येतें, आणि गिटार ओरडते म्हणूनच गळ्याला संयम परवडतो. येथें विजेची गिटार गायिकेच्या अंगावर धांवून येत नाहीं. तंबोऱ्याप्रमाणें ती पाठीशीं उभी आहे.

हें एकदां लक्षांत आलें म्हणजे मेरी चेनपासून या मंडळींचें अंतर किती तें कळतें. रीड बंधूंच्या गोंगाटांत श्रोत्याला दूर लोटण्याची ऐट आहे. पुढें 'माय ब्लडी व्हॅलेंटाइन' या वृंदानें १९८८ सालच्या 'इझन्ट एनिथिंग'मध्यें आणि १९९१ सालच्या 'लव्हलेस'मध्यें गोंगाट आणि कोवळा गळा यांना इतकें एकजीव केलें कीं शब्द त्यांत विरघळून गेले. तो नाद अपूर्व आहे यांत शंका नाहीं, पण तेथें कोण काय म्हणत आहे हा प्रश्नच उरत नाहीं. शॉप असिस्टंट्सच्या आल्बमांत शब्द ऐकूं येतात. कोणीतरी, कोणाला तरी, कांहींतरी सांगत आहे, आणि तें सांगणें कठीण जात आहे, हें प्रत्येक गीतांत जाणवतें. 'सम्व्हेअर इन चायना' या संथ गीतांत गोंगाट जवळजवळ ओसरतो. मग उघड्यावर राहिलेला तो गळा किती नाजूक आहे हें कळतें, आणि इतर गीतांत त्याच्याभोंवतीं एवढा गलबला कां उभारला होता, याचाहि उलगडा होतो.

आल्बमांतील दोन गीतें उसनीं आहेत, आणि तीं कोणाचीं आहेत हें पाहण्यासारखें आहे. पहिलें 'द ट्रेन फ्रॉम कॅन्सस सिटी'. जेफ बॅरी व एली ग्रीनिच या जोडप्यानें रचलेलें हें गीत १९६५ सालीं न्यूयॉर्कच्या 'शांग्री-लाज' या मुलींनीं गाइलें होतें. जुना प्रियकर कॅन्सस सिटीच्या गाडीनें येत आहे, त्याला सत्य सांगण्यासाठीं स्टेशनवर गेलें पाहिजे, तूं काळजी करूं नकोस, असें एक तरुणी नव्या प्रियकराला समजावते. शांग्री-लाज म्हणजे नाट्याची खाण. त्यांच्या 'लीडर ऑफ द पॅक'मध्यें तर मोटारसायकलीचा आवाजहि घातलेला आहे. एडिंबरोच्या मंडळींनीं तें नाट्य काढून टाकलें. गायिका सरळ सांगते. गाडीचा धडधडाट गिटार आणि ढोल मिळून करतात. समजूत घालणारीला स्वतःचीच खात्री आहे कीं नाहीं, हा संशय मूळ गीतापेक्षां येथें अधिक टोंचतो. दुसरें गीत 'व्हॉट अ वे टु डाय'. तें मूळ डेट्रॉइटच्या 'प्लेझर सीकर्स' या शाळकरी वयाच्या मुलींच्या वृंदाचें. बीअर पिण्याची बढाई मारणाऱ्या या गीताला कोणी थोर काव्य म्हणणार नाहीं. परंतु या मुली आपलीं वाद्यें स्वतः वाजवीत. त्यांच्यांतील सूझी क्वाट्रो पुढें इंग्लंडांत येऊन बास गिटार गळ्यांत अडकवूनच प्रसिद्धीस आली. एक गीत केवळ गाणाऱ्या मुलींचें, दुसरें वाजविणाऱ्या मुलींचें. स्पेक्टरच्या स्टुडिओंत गळा एकीकडे आणि वाद्यें दुसरीकडे अशी जी वांटणी झाली होती, ती या आल्बमांत बुजलेली आहे.

हा आल्बम निर्दोष आहे असें नाहीं. वेगवान गीतांपैकीं कांहीं एकमेकांच्या इतकीं जवळ आहेत कीं पहिल्या श्रवणांत त्यांची गल्लत व्हावी. 'ऑल डे लाँग' आणि 'ऑल दॅट एव्हर मॅटर्ड' हीं दोन गीतें आधींच्या तबकडीवर येऊन गेलेलीं. शिवाय ज्या गीतामुळें या मंडळींचें नांव झालें तें 'सेफ्टी नेट' आल्बमांत नव्हतेंच. जें गीत स्वतंत्र तबकडीवर एकदां विकलें तें आल्बमांत पुन्हां विकूं नये, असा प्रघात त्या काळच्या ब्रिटिश मंडळींत होता. प्रघात प्रामाणिक होता, पण महाग पडला. तबकडी उलटसुलट करून ओळखीचें नांव शोधणाऱ्या गिऱ्हाइकाला तें तेथें सांपडलें नाहीं.

दुसरें कारण अधिक गंभीर. १९८७ सालीं ॲलेक्स टेलर हा वृंद सोडून गेली आणि 'मोटरसायकल बॉय' या नव्या मंडळींत गाऊं लागली. आल्बम निघून अवघे कांहीं महिने झाले होते. नवी तबकडी गांवोगांवीं नेऊन, जलसे करून, ती लोकांच्या कानांत रुजवावी लागते. येथें रुजविणारेच पांगले.

आणि तिसरें कारण एका विशेषणांत आहे. 'सी-८६' कॅसेटवरील मंडळींना इंग्रजी टीकाकारांनीं एकच छाप मारली. कोणी त्यांना 'शँबलिंग', म्हणजे अडखळत चालणारे, म्हटलें. पुढें 'ट्वी' हें विशेषण चिकटलें, ज्याचा भाव मराठींत 'लाडिक' या शब्दानें साधारण व्यक्त होईल. त्या बावीस मंडळींत परस्परांशीं कांहींहि साम्य नसलेले वृंद होते, हें तेव्हांच दिसत होतें. पण छाप सोयीची होती. तिचा सर्वांत जाच झाला तो शॉप असिस्टंट्ससारख्यांना. जिम रीड सपाट आवाजांत गातो ती बेफिकिरी, ती ऐट. ॲलेक्स टेलर तशाच सपाट आवाजांत गाते तो संकोच, ती अननुभवी पोरवयाची लक्षणें, असा भेद सहज केला गेला. गळा न चढविणें ही निवड असूं शकते, हें पुरुषाच्या बाबतींत गृहीत धरलें जातें आणि स्त्रीच्या बाबतींत तें सिद्ध करावें लागतें. 'सम्व्हेअर इन चायना'सारख्या गीतांत तोल तिळमात्र न ढळू देणारी गायिका अजाणतेपणीं तशी गात होती, असें मानण्यास खरोखर कांहीं आधार नाहीं.

कीगननें उभारलेल्या कंपनीचें नांव मात्र राहिलें. तिनेंच ग्लासगोच्या 'व्हॅसलिन्स' या वृंदाच्या दोन तबकड्या १९८७ व १९८८ सालीं काढल्या. त्यांतील गीतें अमेरिकेच्या 'निर्वाणा' मंडळींनीं उचललीं, १९९२ सालच्या 'इन्सेस्टिसाइड'वर त्यांतील दोन आलीं, आणि व्हॅसलिन्सचें नांव सर्वतोमुखीं झालें. ज्या वृंदाच्या तबकडीनें त्या कंपनीचें दार उघडलें त्याच्याकडे असा कोणी यशस्वी भाट वळला नाहीं. १९९० सालीं शॉप असिस्टंट्स पुन्हां जमले. आतां बास वाजविणारी सेरा नील गाऊं लागली होती, ढोल वाजविणारी लॉरा मॅकफेल बासकडे वळली होती. एडिंबरोच्याच 'ॲव्हलांच' या कंपनीनें त्यांच्या दोन तबकड्या काढल्या, आणि मग तो वृंद थांबला.

आल्बमाचीं पुनर्मुद्रणें निघालेलीं असल्यामुळें तो आज मिळण्यास कठीण नाहीं. ज्याला गोंगाटाचें वावडें आहे अशा श्रोत्यानें तो पहिल्या गीतापासून ऐकूं नये. प्रथम 'सम्व्हेअर इन चायना' ऐकावें, म्हणजे गळ्याची ओळख होईल. मग शांग्री-लाज यांची कॅन्सस सिटीची गाडी आणि तिच्या पाठोपाठ एडिंबरोची. त्यानंतर 'आय डोन्ट वॉना बी फ्रेंड्स विथ यू' लावावें, यंत्राचा आवाज नेहमींपेक्षां थोडा वाढवावा, आणि गिटारीकडे लक्ष न देतां केवळ गायिकेच्या मागोमाग जावें.